दोर, कडी आणि एक डंबेल

घरी व्यायाम करणाऱ्याची छाती आणि दंड लवकर दिसू लागतात, पाठ मात्र मागेच राहते. त्यात आळसाचा भाग थोडा आणि घराच्या रचनेचा जास्त. जोर, बैठका, सूर्यनमस्कार, पोटाचे व्यायाम सतरंजीभर जागेत होतात, कारण त्यांत जमिनीला ढकलायचं असतं आणि जमीन प्रत्येकाच्या घरात असते. पाठीचे मोठे स्नायू मात्र ओढण्यासाठी घडलेले आहेत. ओढायचं तर समोर किंवा डोक्यावर काहीतरी पक्कं लागतं आणि ते घरात आपोआप सापडत नाही. पेण-रोह्याच्या घरांत, इथल्या पावसात आणि इथल्या कामधंद्यात ही सोय कशी करायची, त्यासाठी काय विकत घ्यावं, कशावर पैसे घालवू नयेत आणि एवढ्यावर किती मजल मारता येते, हे इथे पाहायचं आहे.

पाठ हा एक स्नायू नाही. काखेखालून कंबरेपर्यंत पंख्यासारखा पसरलेला लॅटिसिमस डॉर्साय, जिमच्या बोलीत नुसता 'लॅट', दंडाच्या हाडाला जाऊन मिळतो. वर गेलेला हात खाली खेचायचा, पुढे गेलेला मागे आणायचा, हे त्याचं काम. मानेपासून पाठीच्या मध्याच्याही खाली उतरणारा ट्रॅपेझियस आणि त्याच्या पोटात दडलेले ऱ्हॉम्बॉइड खांद्याचे फरे कण्याकडे ओढून धरतात. कण्याच्या दोन्ही अंगांना उभे असलेले इरेक्टर स्पायनी वाकलेलं धड सरळ करतात आणि सरळ ठेवतात. म्हणून पाठीच्या व्यायामात तीन हालचाली हव्यात : वरून खाली ओढणं, पुढून मागे ओढणं आणि खुब्यातून वाकून उठणं. यांतली एकही गाळली तर पाठ अर्धवट तयार होते. घरी बहुतेकांची पहिली गळते, कारण तिला डोक्यावर आधार लागतो.

आता इथल्या पाठींकडे पाहू. पेण तालुक्यात हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या गावांतल्या गणपतीच्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी करणारा कारागीर एकदा जवळून बघावा. मूर्ती समोर पाटावर, मान खाली, डावा हात मूर्तीच्या आधाराला आणि ब्रश थरथरू नये म्हणून उजवं कोपर बरगडीला टेकलेलं. फरे पुढे सरकलेले, पाठीचा वरचा भाग गोल झालेला. या बैठकीत फऱ्यांमधले स्नायू लांब ताणलेल्या अवस्थेत तासन्‌तास तग धरून असतात. संध्याकाळी पाठ भरून येते ती त्यामुळे. खारपट्ट्यात भाताची लावणी करणाऱ्या बायकांची कंबर वेगळ्या तऱ्हेने राबते. पाय चिखलात, धड आडवं, असे दिवसचे दिवस जातात. धाटावच्या एमआयडीसीत पाळीवर उभा राहणारा ऑपरेटर, डोलवीच्या पोलाद कारखान्यातला कामगार, महामार्गाचे खड्डे चुकवत रोज दुचाकीने पनवेल गाठणारा नोकरदार, या सगळ्यांची पाठ दिवसभर कामालाच असते.

म्हणूनच 'आम्हाला वेगळा व्यायाम कशाला?' हा प्रश्न इथे हमखास येतो. पण दमणं निराळं आणि बळकट होणं निराळं. एकाच स्थितीत धरून ठेवल्याने स्नायू थकतो. त्याची ताकद वाढते ती पूर्ण लांबीतून, पुरेशा भाराविरुद्ध आकसल्याने आणि मग त्याला विश्रांती मिळाल्याने. इथल्या रोजच्या जगण्यात असा भार पूर्वी होता. विहिरीच्या कप्पीवरून घागर वर खेचणं म्हणजे हुबेहूब वरून खाली ओढणं. धरमतरच्या किंवा कुंडलिकेच्या खाडीत वल्ही मारणं, जाळं होडीत घेणं म्हणजे पुढून मागे ओढणं. नळ, पाण्याची मोटार आणि होडीचं इंजिन आलं आणि हे कष्ट सरले. ते सरले हे बरंच झालं, त्यांचे गोडवे गायचं कारण नाही. पण वाकणं राहिलं आणि ओढणं गेलं, ही इथल्या पाठदुखीची एक बाजू आहे असं मला ठामपणे वाटतं. पाठदुखी काही आपलीच मिरास नव्हे. आजारांच्या ओझ्याचा जागतिक अंदाज मांडणाऱ्या अभ्यासानुसार २०२० साली जगात सुमारे ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती.

आपल्या व्यायामाच्या परंपरेत ओढण्याला जागा आहे का? औंधचे राजे बाळासाहेब पंत प्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार घराघरांत आणि शाळाशाळांत नेले, ते काम मोठंच. सूर्यनमस्कारात कणा पुढे-मागे वाकतो, खांदे मोकळे होतात, जोराने छाती आणि दंड भरतात. ओढणं मात्र त्यात जवळजवळ नाही. ते आहे मल्लखांबात. पेशवाईच्या अखेरीस, दुसऱ्या बाजीरावाच्या काळात, बाळंभटदादा देवधरांनी ज्या मल्लखांबाला पुन्हा उभं केलं, तो एरंडेल चोळलेला गुळगुळीत खांब हाताच्या आणि मांडीच्या पकडीवरच चढावा लागतो. दोरीच्या मल्लखांबावर तर सगळं शरीर हाताने वर खेचायचं असतं. मल्लखांब करणाऱ्या कोवळ्या मुलामुलींच्या पाठीवर जे स्नायू दिसतात ते वजनं न उचलता आलेले असतात. मुद्गल फिरवण्यातही खांदा आणि लॅट मोठ्या पल्ल्यात काम करतात, शिवाय मनगटाची पकड तयार होते. रायगडच्या गावोगावी खेळली जाणारी कबड्डी हाही ओढण्याचाच खेळ आहे. चढाईपटूचा घोटा धरल्यावर त्याला मध्यरेषेपर्यंत जाऊ न देणं, हे पाठीचं आणि पकडीचं काम. तरीही गावच्या संघातली बहुतेक मुलं सरावात धावतात, बैठका आणि जोर मारतात, आणि लटकायचा बार त्यांच्या मैदानावर नसतो.

बाहेरच्या जगातल्या संशोधनाचा कल घरी व्यायाम करणाऱ्याच्या बाजूने आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंचा ताकदीचा व्यायाम करावा. अमेरिकेतले संशोधक ब्रॅड शोएनफेल्ड आणि त्यांचे सहकारी यांनी २०१५ साली सरावलेल्या पुरुषांचे दोन गट केले. एक गट ८ ते १२ वेळा जमेल इतकं जड वजन उचलत होता, दुसरा २५ ते ३५ वेळा जमेल इतकं हलकं. दोघांनीही प्रत्येक सेट स्नायू थकून थांबेपर्यंत केला. आठ आठवड्यांनी स्नायूंची वाढ दोन्हीकडे जवळपास सारखी निघाली. जड वजन एकदा उचलण्याची ताकद मात्र जड वजन वापरणाऱ्यांची जास्त वाढली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात रबरी बँड आणि नेहमीची वजनं यांनी ताकद साधारण सारखीच वाढते असं दिसलं. घरच्या माणसाने यातून घ्यायचं ते इतकंच : वजन कमी असलं तर चालेल, पण सेट सोपा असताना सोडून दिला तर चालणार नाही. शेवटच्या दोन-तीन आवर्तनांत हालचाल आपोआप मंदावली पाहिजे.

साहित्यात पहिला मान लटकायच्या जागेला, आणि इथे आपल्या जुन्या घरांनी निम्मं काम आधीच करून ठेवलं आहे. पेण-रोह्याच्या जुन्या कौलारू घरांत पडवीत किंवा माजघरात झोपाळा असतो. ज्या तुळईने वर्षानुवर्षं तीन-चार माणसांचे झोके सोसले, त्या तुळईतल्या कड्या एका माणसाचं वजन सहज घेतात. पण आधी तपासणी हवी. कडीचा बोल्ट तुळईच्या आरपार जाऊन वर नट आणि वॉशरने आवळलेला आहे का, लाकडाला वाळवी लागून आतून पोकळ आवाज येतो का, कडी जिथे साखळीला घासते तिथे झिजून बारीक झाली आहे का, हे शिडी लावून हाताने बघावं. मग झोपाळ्याची फळी उतरवून दोन कड्यांतून दोन जाड दोर सोडायचे आणि त्यांच्या टोकांना एक आडवा जीआय पाइप बांधायचा. एक इंची पाइप बाहेरून साधारण ३३ मिलिमीटर भरतो, तो हाताच्या पकडीला बरोबर येतो. दोराची लांबी कमीजास्त केली की तोच पाइप डोक्यावर नेऊन पुलअपला वापरता येतो आणि कंबरेच्या उंचीवर आणून आडवं होऊन ओढायलाही. पडवी बुटकी असेल तर गुडघे दुमडून लटकावं. व्यायाम संपला की फळी परत जागेवर.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचं अवघड आहे. दाराच्या चौकटीत फिरवून आवळायचा बार केवळ घर्षणावर टिकतो, आणि चौकटीला आतून गुळगुळीत ग्रॅनाइट असेल तर तो घसरतो. चौकटीच्या वरच्या कडेवर अडकवायच्या बारला बाहेर आलेली भक्कम लाकडी पट्टी लागते, ती हल्लीच्या दारांना बहुधा नसते. खात्रीचा उपाय म्हणजे काँक्रीटच्या बीममध्ये अँकर फास्टनर मारून बसवलेला बार. विटेच्या किंवा हलक्या ब्लॉकच्या भिंतीत तो बसवू नये, आणि बसवणाऱ्याला आधीच सांगावं की यावर माणूस लटकणार आहे. पंख्याचा हुक आणि खिडकीची ग्रिल यांना कधीही लटकू नये.

हे काहीच शक्य नसेल तर जाड चादर आहे. तिच्या एका टोकाला मोठी गाठ मारून ती दाराच्या वरून पलीकडे टाकायची, दार बंद करून कडी लावायची आणि अलीकडचं टोक धरून मागे रेलून स्वतःला ओढायचं. दार आपल्यापासून पलीकडे उघडणारं हवं, म्हणजे ओढल्यावर ते चौकटीत आणखी घट्ट बसतं. पाय जितके दाराजवळ, तितका व्यायाम कठीण. ज्याला अजून एकही पुलअप जमत नाही त्याने इथून सुरुवात करावी. बायकांनी, पन्नाशी ओलांडलेल्यांनी, वजन जास्त असलेल्यांनी तर जरूर. रेलण्याचा कोन बदलला की भार बदलतो, त्यामुळे हा व्यायाम कोणालाही आपल्या मापाने घेता येतो.

दुसरा मान बँडला आणि तिसरा एका डंबेलला. डंबेल प्लेटा घालता-काढता येतील असा घ्यावा, स्टार नटचा. एकाच दांड्यावर वीस किलोपर्यंत वजन चढलं की सामान्य माणसाला बराच काळ पुरतं. सिमेंट भरलेल्या प्लास्टिकच्या प्लेटा स्वस्त असतात, जाड असतात, आपटल्या तर फुटतात, पण वजन ते वजनच. बिडाच्या प्लेटा आयुष्यभर टिकतात, फक्त आपल्याकडे त्यांना गंज चढतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आणि खाडीच्या खाऱ्या हवेच्या या पट्ट्यात पावसाळ्याआधी प्लेटांना आणि दांड्याच्या आट्यांना तेलाचा हात फिरवायलाच हवा. रबरी बँड उन्हात आणि उष्णतेत चिरतात. ते टाल्कम पावडर लावून डब्यात ठेवावेत आणि दर वेळी ताणण्याआधी बारीक भेगा बघाव्यात, कारण तुटलेला बँड थेट तोंडावर येतो. बेंच, मल्टिजिम, जाहिरातीतली घडीची यंत्रं यांपैकी कशाचीही पाठीला गरज नाही. लांब बार आणि प्लेटांचा संच शेवटी, तोही हे सगळं हलकं पडू लागल्यावर.

वजन विकतच आणायला हवं असंही नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे पाण्याच्या कॅनमध्ये भार हवा तसा मोजून भरता येतो. रंगाची वीस लिटरची रिकामी बादली वाळूने काठोकाठ भरली तर तीस किलोच्या पुढे जाते. बादलीच्या कडीला एवढं झेपणार नाही, म्हणून अर्धीच भरावी. तांदळाची गोणी छातीशी धरून खुब्यातून वाकून उठण्याचा व्यायाम उत्तम होतो.

आता प्रत्यक्ष ओढण्याकडे. पुलअप जमत नाही म्हणून तो सोडणारे पुष्कळ. पहिल्या दिवशी नुसतं लटकावं, मग कोपर न वाकवता फक्त फरे खाली ओढून शरीर इंचभर उचलावं. ही लहानशी हालचाल आली की पुढचं सोपं होतं, कारण बहुतेकांचं ओढणं दंडातून सुरू होतं आणि पाठीपर्यंत पोचतच नाही. त्यानंतर स्टुलावर चढून हनुवटी बारच्या वर नेऊन ठेवायची आणि पाच आकडे मोजत सावकाश खाली उतरायचं. उतरताना स्नायू चढतानापेक्षा जास्त भार पेलू शकतो, म्हणून वर जाण्याची ताकद नसतानाही उतरण्यातून ती कमावता येते. तळवे आपल्याकडे करून धरलं तर दंडाची मदत होते आणि पहिला पुलअप लवकर निघतो.

एका हाताने डंबेल ओढताना दुसरा हात खुर्चीवर किंवा ओट्यावर टेकावा, पाठ सपाट ठेवावी आणि डंबेल छातीकडे न नेता खिशाकडे न्यावा. कोपर मागे गेलं की लॅट लागतो, वर आणि बाहेर गेलं की फऱ्यांमधला भाग. दोन्ही चांगले, पण कुठला करतो आहोत ते माहीत असावं. सगळ्यात वर क्षणभर थांबावं. तिथे थांबता येत नसेल तर वजन झटक्याने उचललं जातं आहे. पालथं झोपून दोन्ही हातांत अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन हात तिरके पुढे उचलण्याचा व्यायाम दिसायला किरकोळ, पण आखणी करणाऱ्या आणि दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्या माणसाला याच्याइतका उपयोगी दुसरा क्वचितच. शलभासन आणि भुजंगासन कंबरेच्या स्नायूंना सहनशक्ती देतात, ती करतच राहावीत.

खुब्यातून वाकणं शिकायला एक काठी पुरते. ती पाठीमागे उभी धरावी, डोक्याला, फऱ्यांच्या मध्ये आणि माकडहाडाला टेकलेली. गुडघे किंचित वाकवून नितंब मागे ढकलत वाका. काठीचा तिन्हींपैकी एकही स्पर्श सुटला तर कणा वाकला, खुबा नाही. हे जमलं की गोणी घ्यावी, डंबेल घ्यावा, नंतर एका पायावर करावं. एका पायावर केल्याने थोडं वजनही पुरतं, त्यामुळे घरी हा प्रकार सोन्यासारखा. लावणीच्या आणि कापणीच्या दिवसांत वाकण्याची हीच सवय कामी येते.

आठवड्याची आखणी साधी ठेवावी. दोन किंवा तीन दिवस, दर वेळी तिन्ही हालचालींचे मिळून सात-आठ सेट. डंबेल हलका झाला तर आवर्तनं वाढवा, उतरण सावकाश करा, वर थांबा, आणि मगच नवी प्लेट आणा. वहीत लिहून ठेवणाऱ्याची प्रगती होते, कारण पाठ आरशात दिसत नाही आणि आकडे नसतील तर आपण पुढे गेलो की नाही हे कळायला दुसरा मार्ग नाही.

जेवणाची काळजी करायचं आपल्याकडे फारसं कारण नाही, फक्त ताटातलं प्रमाण बदलायला हवं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढाला शरीराच्या दर किलोमागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. स्नायू वाढवायचे तर दीड ग्रॅमच्या आसपास जावं, असं क्रीडा-आहाराचे अभ्यास सांगतात. भाताचा ढीग थोडा कमी करून कडव्या वालांची उसळ, अंडी, जवळा, सुकट वाढवली की बरंच साधतं. थंडीतली पोपटी तर वाल, अंडी आणि कोंबडी एका मडक्यात घालून प्रथिनांचं जेवणच पुढे ठेवते. डब्यातली पावडर घ्यायला हरकत नाही, पण तिच्यावाचून अडत नाही.

मर्यादा स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. ज्याला वेटलिफ्टिंग किंवा पॉवरलिफ्टिंग स्पर्धेत उतरायचं आहे, ज्या कबड्डीपटूला जिल्ह्याच्या पुढे जायचं आहे, त्याला कंबरेसाठी जड डेडलिफ्ट लागेल आणि ते घरच्या फरशीवर होणार नाही. त्याने जिममध्ये, जाणत्या माणसाच्या नजरेखालीच जावं. आणि ज्याचं दुखणं पाठीतून पायात उतरतं, पायाला मुंग्या येतात किंवा बधिरपणा वाटतो, पडल्यानंतर दुखणं सुरू झालं आहे किंवा सोबत ताप आहे, त्याने व्यायाम बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा. लघवी-शौचावरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी. रक्तदाब असणाऱ्यांनी ओढताना श्वास कोंडू नये.

घरात सोय होणार नाही अशी घरं पुष्कळ आहेत, आणि हा प्रश्न गावाने सोडवण्यासारखा आहे. गावोगावी खुल्या व्यायामशाळा उभ्या राहिल्या, त्यांतल्या फिरत्या यंत्रांचे सांधे दोन पावसाळ्यांत कुरकुरायला लागतात आणि भार वाढवायची सोय त्यांत मुळातच नसते. त्यापेक्षा कबड्डीच्या मैदानाच्या कडेला काँक्रीटमध्ये पक्के रोवलेले तीन खांब, त्यांवर साधारण आठ फुटांवर एक आडवा गॅल्व्हनाइज्ड पाइप, मुलामुलींसाठी सहा फुटांवर दुसरा आणि आडवं होऊन ओढण्यासाठी कंबरेच्या उंचीवर तिसरा, एवढं पुरे आहे. गावातला वेल्डर हे काम एका दिवसात करतो आणि त्यात बिघडण्यासारखा एकही भाग नाही. हमरापूरपासून कोलाडपर्यंत ज्या ज्या गावात मैदान आहे, तिथल्या मंडळांनी पुढच्या ग्रामसभेत हा विषय मांडावा.